नसलेल्या फांदीखालून

मामा माझे नव्हेत, बायकोचे. पण लग्नात बायकोबरोबर जे जे घरात येतं ते परत करायची सोय नसते, आणि मला तर मामांबरोबर नोकरीही आली. मामा कागद कारखान्याच्या लागवडीत वाटाडे होते. तिथं झाडं मोजायला एक कारकून हवा होता. मामांनी कचेरीत शब्द टाकला, आणि लग्नातले बूट पायाला चावायचे थांबले नव्हते तोवर मी बगलेत वही आणि कानावर पेन्सिल अशा थाटात लागवडीच्या फाटकाशी उभा होतो.

लागवड म्हणजे जंगल नव्हे, हे आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळलं. एकाच जातीची झाडं, एकाच वर्षी लावलेली, एकाच उंचीची, आठ आठ फुटांवर, सरळ ओळीत. कवायतीसाठी मुलं रांगेत उभी करावीत आणि 'विश्राम' म्हणायचं विसरून मास्तर घरी निघून जावेत, तसं काहीतरी. परमुलखातून आणलेली जात. भराभर वाढते, दहाव्या वर्षी कापली की कागद. तिच्या पानांचा थर पडतो तिथं गवताचं पातं उगवत नाही. गवत नाही म्हणून किडा नाही, किडा नाही म्हणून पाखरू नाही. आम्ही मोजणीवाले त्यांना झाडं म्हणतच नसू. खांब म्हणायचो. "आज किती खांब झाले?" असं विचारायचं आणि डबा उघडायचा.

आवाज म्हणाल तर आपल्याच पावलांचा. आणि तोही असा, की आपण थांबल्यावर एखादं पाऊल जास्तीचं वाजलंसं वाटावं. हे मी पहिल्या दिवशी लंबूला बोलून दाखवलं. लंबू आमच्या टोळीत टेपचं टोक धरायचा. तो म्हणाला, "मोजू नका. खांब मोजायला ठेवलंय तुम्हाला, पावलं नाही."

टोळी चौघांची. पुढं मामा, मग लंबू, मग टेपचं दुसरं टोक धरणारा बडबड्या, आणि शेवटी वहीसकट मी. बडबड्या दिवसातून दोन वाक्यं बोलायचा, म्हणून त्याचं नाव बडबड्या.

तर त्या पहिल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, काहीएक कारण नसताना मामा कमरेत वाकले. वाकून चार पावलं गेले आणि पुन्हा सरळ झाले. मागोमाग लंबू वाकला. तो वाकला म्हणजे छत्री मिटल्यासारखा वाकला. बडबड्या मुळात ठेंगणा, त्याला वाकायचं काही कारण नव्हतं, पण तोही वाकला. मी वर पाहिलं. वर आभाळ. खांबांना वीस फुटांच्या आत फांदी नसतेच. नव्या माणसाची फिरकी घेतायत, घेऊ देत बापडे, असं म्हणून मी ताठ मानेनं चालत गेलो. माझी टोपी पडली. वाऱ्यानं पडली असणार. वारा नव्हता, ती गोष्ट वेगळी.

पुढं मामांनी एका ठिकाणी कशाला तरी मोठा वळसा घातला. एका ठिकाणी सपाट जमिनीवर लांब टांग टाकली, ओढा ओलांडल्यासारखी. एका ठिकाणी थांबून त्यांनी हवेत हात टेकला, घसा साफ केला आणि पुढं निघाले. टोळीनं वळसा घातला, टांग टाकली, फक्त हात टेकला नाही. तो बहुधा मामांचा मान असावा. आणि इतकं वाकडंतिकडं चालून आम्ही पोचलो कुठं? तर ओळ चव्वेचाळीस, खांब दोनशे दहा, जिथं पोचायचं होतं तिथंच. बरोबर अकराच्या ठोक्याला.

हे सोपं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ओळींना पत्र्याचे नंबर ठोकलेले होते, पण ते गावानं काढून नेले होते. गावातल्या निम्म्या छपरांना लागवडीचे नंबर होते, आणि ओळ एकशे बारा आमच्याच न्हाणीघरावर होती. नंबराशिवाय त्या खांबांत शिरलेला माणूस हमखास चुकायचा. पुढं पाहिलं तरी तेच, मागं पाहिलं तरी तेच, आणि वळून वळून पाहिलं की पुढं कुठलं आणि मागं कुठलं हेही जायचं. दरवर्षी एक-दोन मजूर चुकायचे. मामा जाऊन त्यांना आणायचे. आणलेला माणूस दोन दिवस कुणाशी नीट बोलायचा नाही. कुठं होतास म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तिथंच होतो."

दुसऱ्या आठवड्यात माझं कपाळ फुटलं. त्याच जागी. त्या दिवशी मी मुद्दाम छाती काढून चाललो होतो, आणि कपाळावर काहीतरी आडवं, खरबरीत घासलं. हात लावला तर रक्त. समोर काही नाही, वर काही नाही. मामांनी मागं वळून पाहिलं नाही, नुसतं म्हणाले, "लागलं का फार?"

घरी मामींनी जखम धुतली. आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून, दोन्ही कारखान्याच्याच. जखम धुता धुता त्या म्हणाल्या, "वाकला नाहीत ना, जावईबापू?"

मला आधी कुणी सांगितलं का नाही, असं मी जरा रागानंच विचारलं. तेव्हा मामींनी मोठ्या गंभीरपणे खुलासा केला. बाकी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, पण तुम्ही पडलात जावई. जावयाला वाक म्हणून कुणी कसं सांगायचं? शोभतं का?

खरी हकिकत मला मामांकडून तुकड्यातुकड्यानं कळली. डब्याच्या सुट्टीत, एका वेळी एक तुकडा.

चाळीस वर्षांपूर्वी तिथं जंगल होतं. आपोआप झालेलं, कुणी न लावलेलं. त्यात एका झाडासारखं दुसरं झाड नव्हतं, म्हणून त्यात कुणी चुकत नसे. झाडांना नावं होती. कुबडा होता. दोघी जावा होत्या, एकमेकींकडं पाठ करून वाढलेल्या. उंबर होता, त्याला म्हातारी म्हणायचे. सात माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारी. तिची एक फांदी वाटेवर आडवी आली होती, माणसाच्या कपाळाला लागेल इतकी खाली. गावातला लहानथोर तिच्याखालून वाकून जायचा. पिढ्यान् पिढ्या डोकी घासून घासून फांदीचा तेवढा भाग खालून गुळगुळीत झाला होता. "तेल लावलेली डोकी," मामा म्हणायचे. "गावाचं अर्धं तेल म्हातारीनं प्यालेलं." वर धनेश पक्षी बसायचे, खाली हरणं फळं वेचायची, ढोलीत घुबड राहायचं, आणि मुळांत साळिंदराचं बिऱ्हाड. भाडं कुणी देत नव्हतं.

मग कारखाना आला. त्यानं माणसं कामाला लावली. मामा तेव्हा बावीस वर्षांचे, हात शिवशिवत होते. तीन वर्षांत त्या टोळीनं जंगल आडवं केलं. म्हातारीला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी मुकादमानं मामांना वाटेवरची फांदी तोडायला सांगितली, कारण यंत्राला आत शिरायला ती आडवी येत होती.

"तुम्ही तोडलीत?" मी विचारलं.

"मग काय, वाकून गेलो असतो का यंत्र घेऊन?" मामा म्हणाले, आणि डबा झाकला.

जनावरं काही दिवस फांद्यांच्या ढिगाऱ्याभोवती फिरली, आणि मग गेली. सगळी नाही गेली. रानडुकरं राहिली, आणि चार-दोन हरणं. काय खायची देव जाणे. त्यांच्या पायवाटा मी स्वतः पाहिल्या आहेत. ओळी सोडून, नागमोडी, मामांच्या वाटेसारख्याच. एके ठिकाणी तर डुकरांची पावलं मोठा थोरला गोल काढून गेली होती आणि गोलाच्या आत एकही पाऊल नव्हतं. बडबड्यानं त्या दिवशीचं पहिलं वाक्य तिथं खर्च केलं. "म्हातारी," तो म्हणाला. मी गोलाच्या कडेकडेनं टेप फिरवला. सात माणसांच्या कवेहून थोडा जास्त भरला. वहीत लिहिला नाही. लिहायला रकानाच नव्हता.

आता मुख्य गोष्ट. मामांना दिसत नव्हतं.

हे मला उमगायला दीड वर्ष लागलं, आणि त्याचं सगळं श्रेय मामींना. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, आणि ती बोटभर हलवली तरी मामी अंगावर यायच्या. मला वाटायचं बाई टापटिपीची आहे. एकदा माझी आई मुक्कामाला आली. तिनं आपल्या हौसेनं मामांचा कोट दाराच्या खुंटीवरून उचलून खिडकीपाशी अडकवला. मामा घरात आले, खिडकीकडं वळून कोटाला म्हणाले, "या, बसा. केव्हा आलात?" कोट काही बोलला नाही. मामांनी त्याला प्रवासाचं विचारलं, पायाच्या दुखण्याचं विचारलं. मग मामी आतून आल्या आणि मला घेऊन अंगणात गेल्या.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. चार वर्षं झाली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. कुणाला सांगाल तर याद राखा, कारण डोळे गेले की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की खोली गेली. अडतीस वर्षं काढली आहेत या खोलीत.

मी म्हटलं, पण लागवडीत तर ते एक पाऊल चुकत नाहीत. मामी म्हणाल्या, "तेच तर भय वाटतं मला."

मी मामांना सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. डोळे चांगले होते तोवर मलाही खांबच दिसायचे, म्हणाले. इतरांसारखा मीही नंबर बघत चालायचो. मग धुकं यायला लागलं. पहिल्या वर्षी खांब पुसट झाले. दुसऱ्या वर्षी एका दुपारी त्या धुक्यात काहीतरी काळं, रुंद उभं दिसलं. जवळ गेलो, हात लावला. साल हाताला लागली. "दोघी जावांपैकी थोरली होती. मग रोज एकेक यायला लागली. जसजसे डोळे गेले तसतसं ते परत आलं, जावईबापू. आता सगळं आहे. पानसुद्धा कमी नाही."

मी कपाळावरच्या वणावर हात ठेवून ऐकत होतो, म्हणून हसलो नाही.

याच सुमाराला नवे साहेब आले. तरुण, कडक इस्त्रीचे, माणूस वाईट नव्हे. त्यांनी आल्या आल्या पंचावन्नच्या वरच्या सगळ्या कामगारांचे डोळे तपासायचं फर्मान काढलं. दहा दिवसांनी शहरातून डॉक्टर येणार होते.

डोळे तपासायचा तक्ता कचेरीच्या कोठीत गुंडाळी करून पडला होता. कोठीची किल्ली माझ्याकडं. दुसऱ्या सकाळी मामींनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. मी तक्ता वरपासून खालपर्यंत, एक अक्षर न गाळता, उतरवून आणला. मग दहा दिवस भिंतीपलीकडून शाळा ऐकू यायची. मामी म्हणायच्या, "तिसरी ओळ." मामा म्हणायचे, "ग, न, म, प." मामी म्हणायच्या, "म नाही हो, भ. परवापासून सांगतेय." जंगलातली हजारो झाडं पाठ असलेला माणूस चार अक्षरांत अडकत होता. मामींचं म्हणणं, लक्षच नाही. शेवटी पाठ झालं, म्हणजे झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा.

तपासणीच्या दिवशी मामा नवा सदरा घालून खुर्चीत बसले. डॉक्टरांनी हाताखालच्या माणसाला सांगितलं, "तक्ता लाव."

'तक्ता' हा शब्द कानावर पडला मात्र, मामा सुरू झाले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी, भ सकट. समोर भिंतीवर एक रिकामा खिळा होता. तक्ता अजून गुंडाळीतच होता. डॉक्टर आणि साहेब बघत राहिले. मामा शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि तिथं थांबले असते तरी चाललं असतं, पण मी तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत असलेला छापखान्याचा पत्ताही उतरवला होता. मामांनी तो पिनकोडसकट वाचला.

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी तो घातला, कागद पुढं ओढला आणि हसणं थांबवलं. महिनाअखेर शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया करून घ्या, गाडी कचेरी देईल. नाहीतर खोली सोडा. वाटाड्याची आता गरजही नाही, आपल्याकडं यंत्र आलं आहे. त्यांनी तळहातावर मावणारं एक यंत्र दाखवलं. त्यात माणूस कुठं उभा आहे ते टिंब होऊन दिसतं म्हणे.

शस्त्रक्रिया फुकट, गाडी दारात, नोकरी शाबूत. दुसरा कुणी असता तर साहेबांच्या पाया पडला असता. मामांनी घरी येऊन सांगितलं की आपण खोली सोडू.

त्या रात्री भिंतीपलीकडं शाळा नव्हती. दुसऱ्या दिवशी मामी माझ्या बायकोपाशी येऊन बसल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चार वर्षांत माझे केस पांढरे झाले. यांना माहीतही नाही. मी इथं समोर बसते नि हे त्या मेलेल्या झाडांना बघतात. मला बघावंसं वाटत नाही का?"

भिंत पातळ होती. मामांनी ऐकलं असणार. पण मामा दुसऱ्या सकाळीही गाडीला नकोच म्हणाले. मला एकट्याला म्हणाले, "एकदा मी ते सगळं तोडलं आहे. पुन्हा तोडायला सांगताहेत."

महिनाअखेरीला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. सकाळी धुकं उतरलं होतं, ओलं, जड. लागवडीत धुकं आलं की खांबांच्या शेंड्यांवरून पाणी गळत राहतं, पाऊस नसतानाही. साहेब म्हणाले, यंत्राची परीक्षा अशाच दिवशी घ्यायला हवी. आणि एकटेच आत गेले. दहाला येतो म्हणाले. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. लंबूनं फाटकावरून हाका मारल्या. हाक आत जायची, आणि बऱ्याच वेळानं काहीतरी परत यायचं, ते आपल्याच आवाजातलं असूनही आपलं वाटायचं नाही. लंबूनं हाका बंद केल्या.

तपासणीपासून घरीच बसलेल्या मामांना मी बोलवायला गेलो. मामा निघाले तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. ज्या माणसानं खोली सोडायला सांगितली त्यालाच आणायला निघालात का, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "जावईबापूंना सांभाळा."

मी मामांच्या सदऱ्याचं टोक धरून चालत होतो. धुकं इतकं, की मला मामांची पाठ दिसत होती आणि बाकी काही नाही. त्या दिवशी माझे डोळे मामांइतकेच चालत होते म्हणायला हरकत नाही. मामा सरळ, ताठ चालत होते. मध्येच म्हणायचे, "डावीकडं मूळ आहे, पाय उचला." मी उचलायचो. "ओढा." मी टांग टाकायचो. एकदा चुकून आखूड पडली. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोजा घोट्यापर्यंत चिखलानं भरलेला होता. त्या ठिकाणी तीस वर्षांत ओढा नाही.

वाटेत मला वास आला. पिकलेल्या, फुटलेल्या उंबरांचा. आणि वरून कुठून तरी पंखांचा आवाज, जड, करवत ओढल्यासारखा. मी मामांना विचारलं नाही. तो आवाज कशाचा ते त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं होतं. धनेश असाच उडतो.

मामा थांबले आणि हळूच म्हणाले, "वाका."

मी वाकलो. इतका वाकलो की नाक गुडघ्याला लागलं. सरळ झालो तेव्हा समोर साहेब होते. जमिनीवर, पाय पोटाशी घेऊन बसलेले, मोकळ्या हवेला पाठ टेकून. मला वाटलं पडतील. पडले नाहीत. यंत्र शेजारी पानांवर पडलं होतं.

"साहेब, उठा," मामा म्हणाले.

साहेब म्हणाले, "पाणी गळत होतं. म्हणून या झाडाखाली बसलो." आणि कुठल्या झाडाखाली ते दाखवायला त्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली.

मी भिजून चिंब झालो होतो. मामांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होतं. साहेबांच्या अंगावर थेंब नव्हता. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. आणि निघताना पायाखाली कळलं, त्यांच्याभोवती वीस-पंचवीस पावलांचा गोल सोडून बाकी सगळी जमीन ओली होती.

परत येताना साहेब मध्ये होते. फांदीपाशी त्यांना कुणी सांगितलं नाही, पण ते वाकले.

कचेरीत त्यांनी दोन कप चहा घेतला. यंत्र टेबलावर होतं. त्यात त्यांची सकाळपासूनची वाट रेघेनं उमटली होती. सरळ ओळीत सुरू झालेली रेघ मग वळली होती, आणि एका जागेभोवती गोल गोल गोल फिरली होती, दोऱ्याच्या रिळासारखी. त्यांनी मला विचारलं की त्या जागी पूर्वी काय होतं. मी सांगितलं. मग त्यांनी मामांचा कागद काढला आणि सगळे नियम पहिल्यापासून वाचायला घेतले, ते थेट शेवटच्या पानापर्यंत.

"एका डोळ्यानं वाचता आलं तरी चालतं असं आहे यात," ते म्हणाले.

मामांनी विचार केला. "कुठल्या?"

"ते तुम्ही ठरवा."

मामांनी उजवा दिला. डावा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जास्त मुरलेला होता.

पट्टी सुटली तेव्हा मी तिथं नव्हतो, मामी होत्या. केसांना त्यांनी त्या दिवशी रंग लावला असता तरी कुणी हसलं नसतं, पण लावला नाही. मामांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू तर तुझ्या आईसारखी दिसायला लागलीस."

"चार वर्षांनी बघितलं नि हे म्हणाले," असं मामी अजून सांगतात. निदान चाळीस घरी सांगून झालं आहे, आणि प्रत्येक घरी सांगताना जरा जास्त खुलतात. खोली राहिली. ओळ एकशे बाराचा पत्राही राहिला.

मामा कामावर आले त्या दिवसाबद्दल मात्र त्या सांगत नाहीत, कारण ते त्यांनी पाहिलं नाही. मामा फाटकातून आत शिरले, उजव्या डोळ्यानं समोर पाहिलं, आणि चालू लागले. सरळ. ओळीतून. वाकले नाहीत, वळसा नाही. आम्ही मागोमाग. पाऊण तासानं ते थांबले. पुढं पाहिलं, मागं पाहिलं. कपाळाला घाम आला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मामा वाट चुकले होते.

लंबू काही बोलणार होता, बडबड्यानं त्याचा दंड धरला. मामांनी सावकाश उजवा हात उचलला आणि उजव्या डोळ्यावर पालथा ठेवला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग दुसरा हात पुढं करून हवेत टेकला, घसा साफ केला, आणि डावीकडं वळले. अकराच्या ठोक्याला आम्ही जागेवर होतो.

तेव्हापासून असंच चाललंय. आत शिरताना हात उजव्या डोळ्यावर जातो. नवे मजूर बघून हसतात, एखाद्याची टोपी पडते, मग हसत नाहीत. साहेबांनी यंत्र शहरात परत पाठवून दिलं, नादुरुस्त म्हणून.

गेल्या महिन्यात आम्ही दोघंच होतो. फांदीच्या अलीकडं मामांनी मला हातानं थांबवलं. समोर ओळींच्या मधोमध एक हरीण होतं. कोवळं, या वर्षीचं, अंगावरचे ठिपके न गेलेलं. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, मान ताणली, आणि रिकाम्या हवेत तोंड घातलं. ते खाली उतरलं. तोंड हलत होतं. चावत होतं. नीट, सावकाश, पोट भरत असल्यासारखं चावत होतं. मग कान हलवले आणि गेलं.

मी बऱ्याच दिवसांपासून पोटात असलेलं विचारलं. मामा, दोन्ही डोळे उघडे ठेवले तर काय दिसतं? एकात खांब, एकात जंगल. दोन्ही मिळून?

मामांनी हात डोळ्यावरून काढला नाही.

"एकदा ठेवून बघितले," ते म्हणाले. "तर तोडताना दिसलं. फांदीवर एक पोरगा बसला होता, हातात करवत घेऊन. त्यानं माझ्याकडं बघितलं." मग म्हणाले, "चला, वाका."

वाकलो.

फाटकाशी आलो तेव्हा ऊन होतं. मामा फाटकाच्या उंबऱ्यासारख्या लोखंडी पट्टीवर क्षणभर उभे राहतात, ती त्यांची रोजची सवय. एक पाय आत, एक बाहेर. मग हात उजव्या डोळ्यावरून काढतात आणि डाव्यावर ठेवतात. समोर आमच्या खोल्या दिसतात, न्हाणीघराचं छप्पर दिसतं, आणि दारात मामी. केस विंचरलेले, पांढरे.

"काढा तो हात," मामी लांबूनच म्हणाल्या. "लोक म्हणतील बाईला बघून तोंड लपवतोय. आणि जावईबापू, तुमच्या टोपीवर काय पडलंय ते झटका बाहेरच, आत केर नको."

मी टोपी काढली. तळहाताएवढं, हिरवं, देठापाशी चीक ओला असलेलं उंबराचं पान होतं. मी ते मामांकडं दिलं. मामांनी उजव्या डोळ्यानं पाहिलं, मग हात बदलून डाव्यानं पाहिलं, आणि खिशात ठेवून दिलं.